पुढच्या बॅचला न गेलेल्या अक्का

“बठ्ठं समजनं सर, पन परत सांगा.” सगळं समजलं म्हणत पुन्हा सांगायला लावणारं हे वाक्य पहिल्या बाकावरून आलं की मागची पोरं हसायची, आणि अक्काही त्यांच्यात हसायच्या.

धुळ्यात मी जावा ही संगणकाची भाषा शिकवतो. अक्का सोनगीरहून एसटीने यायच्या. पहिल्या दिवशी दारात साठीच्या बाई पाहून मी विचारलं, “कोणाला सोडायला आलात?”

“मीच शिकाले येल शे,” म्हणाल्या आणि पिशवी सांभाळत बसल्यासुद्धा.

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरात बोलणं होतं. ती गेल्यावर नुसत्या आवाजासाठी टीव्ही लावून ठेवायच्या. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. ती जावा शिकायला येत नाहीत, एवढंच.

क्लास म्हणजे आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून घडलेली वस्तू, हे त्यांना चटकन कळलं. ओळीच्या शेवटचा अर्धविराम मात्र हमखास राहायचा. शेजारची मुलगी तो घालून द्यायची आणि अक्का तिला डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी द्यायच्या.

एकदा मी वारसा शिकवत होतो. एका क्लासचे गुण दुसऱ्याकडे कसे जातात, आणि ‘फायनल’ लिहिलेल्या क्लासला वारस का होऊ शकत नाही, ते सांगितलं.

अक्कांनी हळूच विचारलं, “मग तो वाया गया का, सर?”

कोणी हसलं नाही. मी म्हणालो, “नाही, अक्का. आपण मजकुरासाठी रोज वापरतो तो स्ट्रिंग क्लास तसाच आहे. त्याच्याशिवाय आपला एकही प्रोग्रॅम झालेला नाही.”

त्या दिवशी त्यांनी ‘परत सांगा’ म्हटलं नाही.

बॅच संपली, पोरं पुण्याला गेली. अक्कांनी पुन्हा सुरुवातीच्याच बॅचला नाव घातलं. पुढच्या बॅचला जा म्हटलं, तर म्हणाल्या, “तठे दोनच पोरं शेतस. आठे वर्ग भरेल शे.”

मग संस्थेच्या मालकांनी भाड्याची जागा सोडली आणि शिकवणी ऑनलाइन केली. पडद्यावर सगळे चौकोन काळे. एकात तेवढ्या अक्का, इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या. “कोन कोन शे रे?” त्या विचारायच्या. उत्तरादाखल एखादा अंगठ्याचा इमोजी उमटायचा.

काही दिवसांनी त्यांचाही चौकोन काळा झाला. मग नावही दिसेना.

फोन लागेना म्हणून सोनगीरला गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या भाऊंनी सांगितलं, भाची येऊन त्यांना सुरतला घेऊन गेली.

“निघताना तिला एकच विचारत होत्या,” भाऊ म्हणाले, “‘तठला क्लासमा पोरं समोर बसतस ना?’”

“मग भाची काय म्हणाली?”

ते भाऊंना आठवत नव्हतं.