पहिली वाटी

वडील गेल्यावर आईने नाचणीची दारू गाळून आम्हाला वाढवलं. मोड आलेली नाचणी भरडून, शिजवून ती मडक्यात आंबवायची. त्या आंबट वासाने घर भरलेलं असायचं, माझा युनिफॉर्मही.

तोच वास आज आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डजवळच्या डिस्टिलरीत, आंबलेल्या बार्लीच्या टाकीचं झाकण उघडताना आला. सोबतच्या शॉनने विचारलं, "ग्रँड ना सगळं?" म्हणजे ठीक ना. मी मान हलवली. आईबद्दल सांगावं इतकं जवळचं इथे अजून कोणी नाही.

बारावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी तिला म्हणाले होते, "मी नाही जात. वास येतो म्हणून माझ्या शेजारी कोणी बसत नाही."

भट्टीवरून दारूची धार नुकतीच सुरू झाली होती. पहिली वाटी ती नेहमीसारखी मातीत ओतत होती. पहिली धार पिणाऱ्याला बाधते, असं म्हणायची. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बरंय की. पेपर एकटीनेच लिहायचा असतो."

तेव्हा ती मला दगडासारखी वाटली. भट्टीपाशी तिच्याही शेजारी कोणी बसत नव्हतं, हे आता दिसतं.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले, घरातली पहिली. पहिली धार कुठवर फेकायची, ते या डिस्टिलरीत मी ठरवते.