इस्त्री ठेवायला वेळ नव्हता

गल्लीतले लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. सख्खी बहीण एकही नसताना एवढी भाचरं जमवणारी बाई विरळाच. तिचं इस्त्रीचं दुकान म्हणजे पुढे एक खोली आणि मागे एक. पुढच्या खोलीत घोंगडी अंथरलेलं टेबल, पाण्याचं भांडं आणि कोळशाची जाडजूड इस्त्री. मागच्या खोलीत तिचा संसार आणि भिंतीला लावून ठेवलेली लोकांच्या कपड्यांची गाठोडी. लेकीने विजेची इस्त्री घेऊन दिली होती, ती खोक्यातून बाहेरच आली नाही. तिच्यात वजन नाही, हे मावशीचं म्हणणं. इस्त्रीने कपड्याला समज द्यायची असते, गुदगुल्या करायच्या नसतात.

तिच्या धंद्याचे नियम थोडे, पण पक्के. तापलेली इस्त्री कपड्यावर टेकवून इकडेतिकडे बघायचं नाही. ठेवायची तर आधी तिचा तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि मगच ती तिच्या तिवईवर ठेवायची, नाहीतर एकाचा डाग दुसऱ्याच्या शर्टाला. निखारा उडाला तर हातातलं सगळं सोडून आधी तो विझवायचा, कारण कपडे आपले नसतात. उभा जन्म हे करून ते तिच्या हातात इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती.

आणि कपडे चुगली करतात, हेही तिला ठाऊक होतं. लेक लग्नानंतर जवळच राहायची, तिचे कपडे इस्त्रीला इथेच यायचे. एका कुडत्याची वरची दोन बटणं वेगळ्याच दोऱ्याने शिवलेली. पुढच्या खेपेला दुसऱ्याची. मग एकाची कॉलर मुळापासून उसवलेली. मावशीने विचारलं, तर लेक हसली आणि म्हणाली, हल्ली कापडच कच्चं येतं. झाकली मूठ ती झाकलीच ठेवायची, हा हट्ट तिने आईकडूनच घेतलेला. जावई तर चारचौघांत गरीब गाय. दुकानात आला की स्वतःहून गाठोडी उचलून ठेवणारा, सासूला "बसा तुम्ही" म्हणणारा. अशा माणसाबद्दल वाईट बोलायचं म्हणजे आपलीच जीभ चावल्यासारखं वाटतं.

मुलगी झाल्यावर लेक काही दिवस आईकडे राहायला आली आणि परत जायचं नाव काढेना. एका दुपारी जावई तिला न्यायला आला. सासूची विचारपूस करून मागच्या खोलीत गेला. बाळ पुढच्या खोलीत कपड्यांच्या टोपलीत झोपलं होतं. मावशी कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाची बाही करत होती. आतून त्याचा आवाज चढत गेला. लेकीचाही चढला. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये म्हणतात, म्हणून मावशी खाली मान घालून इस्त्री फिरवत राहिली. मग लेकीचा आवाज बंद झाला. हळू झाला नाही, मध्येच तुटला. मावशी होती तशी आत धावली.

आत लेक भिंतीखाली पडलेली, आणि जावई तिच्यावर गुडघा रोवून दोन्ही हातांनी तिचा गळा दाबत होता. तिचा चेहरा काळानिळा पडला होता, टाचा जमिनीवर घासत होत्या. मावशीने हाका मारल्या. मोकळ्या हाताने त्याची कॉलर धरून ओढलं. त्याने कोपराच्या एका दणक्याने तिला मागे ढकललं, पण हात काही काढले नाहीत. लेकीच्या टाचा थांबल्या. तेव्हा मावशीच्या दुसऱ्या हातात जे होतं ते तिने त्याच्या डोक्यात मारलं.

तो पडला. इस्त्रीचं झाकण उघडून निखारे खोलीभर उडाले, काही गाठोड्यांवर गेले. ओरडा ऐकून समोरच्या दुकानातले घड्याळवाले काका दारात आले, तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: जावई निपचित, लेक खोकत खोकत त्याच्या अंगावर पडून रडते आहे, आणि मावशी पायातल्या चपलेने एकेक निखारा विझवते आहे. सगळे विझल्यावर तिने इस्त्रीचा तळ ओल्या फडक्याने नीट पुसला आणि ती तिवईवर ठेवली. मग ती खाली बसली ती पोलीस येईपर्यंत उठली नाही. जावई दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

पोलिसांना लेकीने सांगितलं की नुसतं भांडण चाललं होतं आणि आई मध्ये आली. गळ्याला तिने रुमाल गुंडाळला होता. तो काढून बघावा असं त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही, आणि संध्याकाळी ती बाळाला घेऊन सासरी गेली. मावशीला कोठडीत नेलं. खुनाचा आळ. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हिला तर हात धरून चढवली.

सरकारने तिला एक वकीलबाई दिली. वयाने लेकीएवढीच, पण बोलणं सरळ. पहिल्या भेटीत मावशीने सुटकेचं काही विचारलंच नाही. लेक काय म्हणते, एवढंच विचारलं. लेक काही म्हणत नव्हती. भेटायलाही आली नव्हती. आपण सुटू न सुटू, पण पोरगी आता नातीला या हातांत कधी देईल का, हाच घोर मावशीला लागला होता. वकीलबाईने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि मग कायदा काय म्हणतो ते सोप्या भाषेत सांगितलं.

"माणसाला स्वतःचा जीव वाचवायचा हक्क आहे, मावशी, आणि दुसऱ्याचाही. समोरचा जीव घ्यायलाच उठला असेल, पोलीस बोलवायला सवड नसेल आणि दुसऱ्या कशानेही तो थांबत नसेल, तर त्याला थांबवताना तो मेला तरी तो गुन्हा नाही. पण धोका आहे तोवरच. त्याने हात सोडले, तो पडला, की हक्क संपला. त्यानंतर मारलेला फटका हा बचाव नसतो, सूड असतो."

मावशीला वाटलं होतं, कायदा म्हणजे चोरांसाठी आणि मोठ्या लोकांसाठी केलेली गोष्ट. त्यात आपली मागची खोली असेल, गुडघा रोवलेला जावई असेल, तो एक फटका असेल आणि तो कुठवर चालतो हेसुद्धा असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

एकाने नाही, वकीलबाई म्हणाली, पिढ्यान्पिढ्या खूप जणांनी भांडून, तासून ते असं केलंय. मावशीने मान हलवली. लिहिणाऱ्यांतल्या एकाने तरी ते डोळ्यांनी पाहिलेलं असणार, असं तिचं ठाम मत पडलं. खुर्चीत बसून हे सुचायचं नाही. कुणीतरी असाच मागे उभा राहिला असणार, हातात काहीतरी घेऊन. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि देवळात उभं राहावं तशी हात जोडून ऐकत राहिली.

मग मनातलं बोलून टाकलं. "बाई, खोटं नको. तो मरावा असं माझ्या मनात आधीही येऊन गेलंय. ती बटणं बघायची ना, तेव्हा."

"मनात आलं ते मनातच राहिलं," वकीलबाई म्हणाली. "त्या वेळी तुम्हाला काय दिसलं आणि तुम्ही काय केलंत, कोर्ट त्यावर जाईल. अडचण वेगळीच आहे. जे दिसलं ते तुमच्याशिवाय एकाच माणसाला माहीत आहे."

ते कोण, हे सांगायची गरज नव्हती. वकीलबाई लेकीच्या सासरी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा दार सासूने उघडलं आणि सासूनेच लावलं.

खटला उभा राहिला. घड्याळवाले काका साक्षीला आले. आयुष्यभर भिंग लावून बारीक चाकं बघितलेला माणूस. पाहिलं त्यात केसाएवढाही फरक करणं त्यांना जमेना. मावशीकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं, निखारे, फडकं, तिवई. सांगून झाल्यावर ते पिंजऱ्यातच रडले. सरकारी वकील वाईट माणूस नव्हता, पण त्याला जे मिळालं ते त्याने धरलं. जावई मरायला टेकलेला, आणि ही बाई शांतपणे रक्त पुसते, हे कसलं घाबरणं, असं त्याने विचारलं. आत जाताना इस्त्री बरोबर का घेतलीत, हेही विचारलं.

"ठेवायला वेळ नव्हता," मावशी म्हणाली.

"आणि पुसायला होता?"

मावशीने स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते कुणीतरी तिच्याकडे सांभाळायला दिले होते. "ते हातांनी केलं, साहेब. मला नंतर कळलं. न पुसता ठेवली तर दुसऱ्याच्या कपड्याला डाग लागतो."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. असं उत्तर माणसाला तारेल की बुडवेल, हे तिला तिच्या एवढ्याशा अनुभवावरून सांगता येईना.

मग सरकारी वकिलाने लेकीला पुकारलं. ती आली, गळ्यापर्यंत बंद कुडता घालून. पहिल्या बाकावर तिची सासू, मांडीवर बाळ. लेकीने अजून शपथही घेतली नव्हती, तोच मावशी पिंजऱ्यात उभी राहिली. तिने कुणाची परवानगी मागितली नाही.

"साहेब, तिला नका विचारू. मला काय ती शिक्षा द्या, माझी ना नाही. तिला त्या घरात राहायचंय. सगळ्यांदेखत तिच्या तोंडून ते नका वदवू."

वकीलबाईने कपाळावर हात मारला. खुनाच्या आरोपातून सोडवणारा हक्क ही बाई उष्टं ताट सारावं तशी बाजूला सारत होती. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी चष्मा काढला आणि आवाज न चढवता सांगितलं, "शिक्षा मागून मिळत नाही, बाई. आधी काय झालं ते कळावं लागतं. बसा."

सरकारी वकिलाने सुरुवात केली. भांडण चाललं होतं तेव्हा तुमचे पती तुमच्यापासून किती अंतरावर होते?

लेक आईकडे बघत होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच बघत होती. "अंतर नव्हतं," ती म्हणाली.

कुणी विचारायच्या आधी तीच पुढे बोलू लागली, इतकं हळू की न्यायाधीशांना पुढे वाकावं लागलं. "त्यांचे दोन्ही हात माझ्या गळ्यावर होते. आई हाका मारत होती, त्या मला फार लांबून ऐकू आल्या. तिने त्यांना ओढलं, पण त्यांनी हात काढले नाहीत. मग मला दिसेनासं झालं. मग श्वास आला."

पोलिसांना वेगळं का सांगितलंत?

"मुलगी मोठी होऊन विचारणार, बाबा कसे गेले. मला वाटलं, आजी वाईट ठरली तरी चालेल, बाप नको ठरायला. आजी म्हणजे माझीच आई. ती सोसेल, असं धरून चालले. आणि आता बघा, ती खरंच सोसायला उभी राहिली."

पहिल्या बाकावरच्या सासूने बाळाला छातीशी घट्ट धरलं. सरकारी वकिलाने अखेरचा प्रश्न विचारला, तो पडल्यावर आईने पुन्हा मारलं का?

"नाही. निखारे विझवले."

न्यायाधीशांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. निकाल पुढच्या तारखेला लागला. त्यात त्यांनी म्हटलं होतं की जिला सूड घ्यायचा असता तिच्या हातात हत्यारही होतं आणि समोर निपचित पडलेला माणूसही होता. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि लोकांचे कपडे वाचवले. धोका संपला त्या क्षणी तिचा हात थांबला होता. मावशी निर्दोष. वकीलबाईला आनंदाने उड्या मारायच्या होत्या, पण मावशीकडे बघून तिने नुसते कागद आवरायला घेतले. मावशी थक्क होऊन न्यायाधीशांच्या तोंडाकडे बघत होती. तिला स्वतःलाही न कळलेलं तिचं त्या दुपारचं वागणं या परक्या माणसाने, जिथे तो कधी गेला नव्हता त्या खोलीतून, उचलून तिच्यासमोर ठेवलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर लेकीची सासू उभी होती. तिचा तर मुलगाच गेला होता, आणि आज तो कसा होता हे जगासमोर वाचलं गेलं होतं. तिने बाळ लेकीच्या हातात दिलं आणि मागे वळून न बघता निघून गेली. लेक आणि मावशी एकाच पायरीवर उभ्या राहिल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"आई, मला त्यांची आठवण येते," लेक म्हणाली.

"येणारच."

"आणि तू आली नसतीस तर मी आज नसते. हेही मला रोज आठवतं. हे दोन्ही एकदम कसं सांभाळायचं?"

मावशीकडे एरवी प्रत्येक गोष्टीला म्हण तयार असायची. "मला नाही माहीत गं," ती म्हणाली.

लेक रस्त्याकडे बघत राहिली. बाळ आता अंगाने भरलं होतं, जड झालं होतं. तिने ते या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, मग मधल्या रिकाम्या जागेत एक पाऊल टाकलं.

"धर हिला जरा," ती म्हणाली. "माझा हात भरून आलाय."

मावशीने तळहात पदराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि नातीला घेतलं.