डोळे मिटून तीस सेकंद

मुलांनो, कपाटातल्या वस्तूंची यादी पाठवली तेव्हा तुम्ही दोघांनीही विचारलेत, "आजी, त्यात स्टॉपवॉच कशाला?" फोनवर उत्तर देता आले नाही. म्हणून आता लिहिते.

"हात नका लावू, बाय. मीच उतरवते," असे म्हणत ती म्हावऱ्याची पाटी डोक्यावरून एका झोकात खाली घ्यायची. ठाण्याला, कोपरीत, आमच्या दारी येणारी कोळीण. चिखलातून, रिक्षांच्या मधून ती पाटीला हात न लावता चालायची. वर माझी टिंगल: "इंग्रजी शिकवता, पन ताजा मासा वलखता येत नाय तुमाला!" तिचा नवरा दिवसभर पिऊन पडलेला. त्याचा विषय निघाला की म्हणायची, "त्याचा सोडा. माज्या पोराचा बोला."

पोरगा माझ्याच शाळेत होता. ऐंशीच्या दशकात एक डॉक्टर तिथे आले. दारू पिणाऱ्यांच्या मुलांचा तोल वयाबरोबर कसा पक्का होतो, हे त्यांना पाहायचे होते. मुलाने डोळे मिटून एका पायावर उभे राहायचे, मी याच स्टॉपवॉचवर वेळ मोजायची. तिचा पोरगा चौथ्या सेकंदाला डगमगला.

डॉक्टरांनी तिला समजावले, "अशा घरांतल्या काही मुलांचा तोल जरा उशिरा येतो. म्हणून तो पुढे पिईलच असे नाही."

तिने पहिले वाक्य तेवढे घरी नेले.

दुसऱ्या सकाळपासून खाडीच्या बांधावर पोराच्या डोक्यावर रिकामी पाटी. "बाप चालतो तसा नको, आय चालते तसा चाल!" वर्षभर हेच. पुढच्या तपासणीला तिनेच मला दटावले, "घड्याल लावा." तो तीस सेकंद उभा राहिला. डॉक्टर वैतागले. सराव करून आणलेला आकडा त्यांच्या कामाचा नव्हता. त्यांनी तो खोडला.

तिने माझा हात धरला. बर्फातल्या मासळीने गार पडलेले तिचे बोट न् बोट आठवते. "गेली ना बाय, दारू त्याच्या आंगातून?"

तोल जमला म्हणून दारूचा धोका टळत नाही, हे मला ठाऊक होते. तिचा चेहरा पाहिला आणि मी "हो" म्हटले.

ती निर्धास्त झाली. पोरगा मोठा होऊन बापाच्या शेजारी बसू लागला, तरी हसायची. "बसू दे. माजा पास झालाय."

नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीला राहायला आलो. एका दुपारी ती दारात उभी. रिकामी पाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. पोरगा गेला होता. शीळफाट्याला, पिऊन रस्ता ओलांडताना.

"बाय, त्या दिशी घड्याल चुकला व्हता काय?"

"नाही गं. घड्याळ बरोबर होते. दारूचे मी खोटे सांगितले."

"मंग सांगायचा नाय ना, बाय. मी लक्ष ठेवला असता."

तिने पाटी डोक्यावर ठेवली आणि ती भिंतीला हात टेकत जिना उतरली. पुन्हा आली नाही. मी कोपरीत दोनदा शोधून आले. घराला कुलूप होते.

स्टॉपवॉच चालू आहे. चावी दिली की तीस सेकंद अजून बरोबर मोजते.