परकरांची यादी आणि माझा फॉर्म

समुद्रपूर मी सोडलं ते पायात घरातली चप्पल, तोंडात पोळीचा घास आणि हातात दुकानाची कापडी पिशवी अशा अवतारात. बाराची नागपूर बस हलायला लागली होती. आईनं मला दारातून अक्षरशः आत ढकललं आणि खालून ओरडली, "रडत बसू नोको तिथं! काम झालं का लगेच येजो!" बाबा तिच्या मागे उभे होते. पिशवीत माझा कॉलेजचा फॉर्म होता, आणि तो पोचवायची आज शेवटची तारीख होती, संध्याकाळी पाचपर्यंत. तुम्ही म्हणाल, हे कसलं घर सोडणं, त्याच दिवशी परत तर आलीस! आले ना. पण पुढं ट्रंक घेऊन हॉस्टेलला गेले तो दिवस मला धड आठवत नाही, आणि हा दिवस मिनिटामिनिटासकट आठवतो.

तुमच्यातले काही अजून गावीच आहेत, काही माझ्यासारखे पुण्याला येऊन पडलेत, काही त्याहून लांब. ही गोष्ट राहिलेल्यांसाठीही आहे आणि निघालेल्यांसाठीही.

आमचं बाजारात कापडाचं छोटं दुकान होतं. बाबांचा पोस्टावर काडीचा भरोसा नव्हता. नागपूरला इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याकडं मालाची यादी जायची ती यष्टीच्या ड्रायव्हरच्या हातून, आणि उत्तर यायचं तेही त्याच्याच हातून. "पोस्टाचं पाकीट कुठं जाईन कोन जाने. ड्रायव्हर कुठं जाईन? नागपूरलेच जाईन ना!" बारावीचा निकाल लागला, मी नागपूरच्या कॉलेजचा बी.एस्सी.चा फॉर्म भरला, तेव्हा तोही असाच जाणार हे ठरलेलंच होतं. ड्रायव्हर व्यापाऱ्याला देईल आणि व्यापाऱ्याचा दिवाणजी कॉलेजच्या मागंच राहतो, तो नेऊन टाकेल. एकदम बराबर. तारखेला चांगले आठ दिवस होते.

बाबा पाकिटंसुद्धा घरीच करायचे, जुन्या खाकी कागदाची. सगळी आधी खळीनं चिकटवायची, हात धुवायचे आणि मग पत्ते लिहायचे, कारण खळीच्या हातानं पेन धरवत नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कधी काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी दोन सारखी पाकिटं होती, एकात फॉर्म, एकात मालाची यादी. बाबांनी चिकटवली, हात धुतले, पत्ते लिहिले. झालं! फॉर्म गेला व्यापाऱ्याला आणि परकरांची यादी गेली कॉलेजला.

आम्हाला कळलं ते शेवटच्या तारखेच्या सकाळी. बाबा दुकानातून घरी आले आणि फॉर्म माझ्या हातात ठेवला. सोबत व्यापाऱ्याची चिठ्ठी: हे आमच्या कामाचं नाही, कृपया यादी पाठवा. बाबा म्हणाले, "मी जातो घेऊन." आई स्वयंपाकघरातून आली, हात पिठाचे तसेच. "कायले? यायच्या हातात देशीन तं अजून घोळ करून येतीन. तू एकटी जाय." मी तोवर एकटी वर्ध्यालाही गेले नव्हते, आणि आता थेट नागपूर!

त्यात जाम गावच्या चौकात बस बंद पडली. मागून येणारी एकही बस थांबेना, थांबली तर पाय ठेवायला जागा नाही. दोन तास मी त्या हायवेवर उभी राहून मनातल्या मनात त्या खळीला शिव्या घातल्या. कॉलेजात पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. खिडकी बंद. ऑफिसातल्या एक बाई खांद्याला पर्स, हातात डबा, निघायच्या बेतात.

"पाच वाजून गेले, बाई. आता नाही घेता येत," त्या म्हणाल्या.

आईनं रडू नको म्हटलं होतं, पण मी रडलेच. हुंदके देत देत नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्या थांबल्या. "समुद्रपूरची? परकरवाली तूच काय?"

मला काही कळेना. त्यांनी कपाट उघडून आमचं खाकी पाकीट काढलं. त्यावर कॉलेजचा शिक्का, आवक नंबर आणि आठवडाभरापूर्वीची तारीख. "पाकीट तर टायमावर आलं आहे तुझं. आत काय होतं ते मी कुठं लिहिलं आहे?" त्यांनी यादी बाहेर काढली, फॉर्म आत सारला आणि यादी माझ्या हातात दिली. "बाबांना सांग, बारा डझन परकर आमच्याकडं खपत नाहीत." माझ्या जिवात जीव आला. परतीच्या बसमध्ये मी एकटीच खुदुखुदू हसत होते, शेजारची बाई सरकून बसली.

घरी सगळे पोट धरून हसले. बाबाच तेवढे हसले नाहीत. ते माझ्या मनात अडकून राहिलं. कारण फॉर्म आणला त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद होतं: "वर्ध्याले कॉलेज नाई काय? तिथं नालवाडीले आत्या आहे, तिच्याइथं राहाजो." पुढं नागपूर झालं, पुण्यात नोकरी झाली, मी 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायला लागले, गाव विचारलं की नुसतं नागपूर सांगायला लागले, फ्लॅट झाला. पण फोनवर बाबांचा आवाज आला की शंका डोकं वर काढायचीच. पाकिटं त्यांनी मुद्दाम तर नाही बदलली?

दुकान विकल्यावर ते माझ्याकडं महिनाभर राहायला आले. एका दुपारी गॅलरीत मी विचारूनच टाकलं. "बाबा, खरं सांगा. ते पाकिटं जानूनबुजून बदलले होते काय?"

"नाई वो बाई. तो घोळच झालता." त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली. "पन फॉर्म वापस आला ना, तो सकाळी नाई आलता. आदल्या दिवशी संध्याकाळीच ड्रायव्हरनं आनून देल्ला. मी गल्ल्याखाली ठेवला. म्हटलं, नाई सांगत. तारीख निंघून जाईन, पोट्टी वर्ध्याले राहीन, दर शनवारी घरी येईन."

"मंग?"

"मंग सकाळी तू दुकानात चहा आनला. म्हनली, बाबा, आज शेवटची तारीख आहे, बरं झालं आपला फॉर्म आधीच गेला. हासून राह्यली होती तू. मंग मले नाई जमलं."

राग यायला हवा होता. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की काय सांगू! इतकी वर्षं मी धरून चालले होते की तिथून मी कशीबशी निसटले. निसटले नव्हते मी. मी जाऊ नये असं ज्याला मनापासून वाटत होतं, त्यानंच मला बाराच्या बसपर्यंत आणून सोडलं होतं. आता कुणी गाव विचारलं की मी समुद्रपूरच सांगते.