म्हात्रेबाईंची दहावी

रोह्याच्या एका शाळेत शांती म्हात्रे बावीस वर्षं दहावीला गणित शिकवत होत्या, आणि त्या बावीस वर्षांत त्यांनी एकही गणित सोडवलं नव्हतं. गैरसमज नको, उदाहरणं त्यांना तोंडपाठ होती. पान सांगा, बाई उत्तर सांगणार. निकाल दरवर्षी चांगला लागायचा. दहावी म्हणजे म्हात्रेबाई, हे वरसे गावापासून अष्टमी गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाईंना जगात दुसरा मान नव्हता.

मग पेणला रामवाडीत गणित शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं. सुरभी नावाच्या तरुण प्रशिक्षिकेने फळ्यावर पुस्तकातलं नावेचं गणित लिहिलं. नाव प्रवाहाबरोबर चोवीस किलोमीटर दोन तासांत जाते, उलट यायला चार तास लागतात, तर संथ पाण्यात तिचा वेग किती? पंचवीसपैकी तेवीस शिक्षकांनी, त्यांत म्हात्रेबाईंनीही, झटकन ‘दहा’ लिहून पेन खाली ठेवलं. पुस्तकात उलट यायला तीन तास होते. सुरभीने तिनाचे चार केले होते, आणि या विद्वानांनी गणित वाचलंच नव्हतं. उत्तर नऊ होतं.

बाकीचे हसले आणि चहाला गेले. बाई मात्र शरमेने अर्धमेल्या झाल्या. घरी येऊन, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांनी गाईड कपाटात टाकलं आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. चुकल्या, खोडलं, पुन्हा चुकल्या. एका रविवारी एकच गणित तीन वेगळ्या वाटांनी सुटलं, तेव्हा बाई एकट्याच टाळ्या पिटत बसल्या. इतका आनंद त्यांना कधीच झाला नव्हता.

जूनमध्ये त्या वर्गात म्हणाल्या, “हे गणित मलाही येत नाही. चला, मिळून शोधू.” खुळी बाई! शाळेत खरं बोलायला कुणी सांगितलं होतं? पहिल्या चाचणीत अर्धा वर्ग आपटला आणि बाईंना गणित येत नाही, असा गावभर बोभाटा झाला.

वर्गातल्या हुशार पिंकीचा बाप शिफ्ट सोडून मुख्याध्यापकांकडे आला. पिंकीही सोबत होती. बाईंना बोलावून घेतलं.

“बाय, तुमाला शिकायचं तर शिका,” तो म्हणाला, “पन माज्या पोरीच्या वर्षावर नाय.”

मुख्याध्यापकांनी जुनी प्रश्नपत्रिका आणि एक कागद बाईंपुढे सरकवला. “सोडवून दाखवा. दहावी तुमच्याकडे ठेवायची की नाही, आत्ताच ठरवू.”

पहिलंच गणित होतं: बापाचं वय मुलाच्या चौपट, पाच वर्षांपूर्वी सातपट होतं, तर दोघांची वयं किती? हे उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं. विचार केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. दोघांच्या वयातलं अंतर कधी बदलत नाही, तिथून त्यांनी सुरुवात केली. एक आकडा चुकला, खोडला.

“पाच मिनटं झाली,” बाप म्हणाला.

पिंकीला बाईंची दया आली. “मुलगा दहा, बाप चाळीस,” ती पटकन म्हणाली. “गाईडात हाय, बाई.”

“पोरीला येतंय आणि यांना नाय!” बाप हसला. बाईंना मदत केली म्हणून पिंकीही हसली.

बाईंनी शेवटची ओळ लिहिली. दहा आणि चाळीस. वाट त्यांची स्वतःची होती. कागद त्यांनी पुढे केला.

मुख्याध्यापकांनी तो न बघताच उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: म्हात्रेबाई, उद्यापासून पाचवी, चित्रकला.