कोटात मावेल असं पिस्तूल

पिस्तूल घेणारा माणूस म्हणे आधी ते हातात तोलून बघतो. मी खिशातून टेप काढली आणि त्याची जाडी मोजली.

बंगळूरच्या त्या दुकानदाराने माझ्यासमोर काचेवर तीन नग मांडले होते. पहिलं रिव्हॉल्व्हर, सरकारी कारखान्याचं, भरवशाचं. पण गोळ्यांचं चाक मधोमध सुटलेल्या पोटासारखं पुढे आलेलं. त्यावर कसलंही कापड घाला, ते दिसणारच. दुसरं पिस्तूल चपटं होतं, पण इतकं लांब की खाली बसलं की बरगडीत रुतलं असतं. तिसरं जुनं, विलायती, कुणा कॉफीमळेवाल्याने विकायला ठेवलेलं. तळहातात मावणारं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. दुकानदार नेम, पल्ला, घोडा किती जड, असं काहीबाही समजावत होता. मी विचारलं, "याचे कोपरे अस्तराला घासतील का?"

त्याने हात जोडले. "सार, निमगे गन बेको, गुंडी बेको?" म्हणजे, बंदूक हवी की बटण?

त्याचं चुकलं नव्हतं. लोक पिस्तूल घेतात आणि मग ते ठेवायची सोय बघतात. मी कोटाला आतून चोरखिसा आधीच शिवला होता आणि आता त्या खिशात बसेल असं पिस्तूल शोधत होतो. तिसरं बसलं, म्हणून तिसरं घेतलं. त्यातून गोळी सरळ जाते की वाकडी, हे विचारायचं राहूनच गेलं.

आम्ही म्हैसूरचे मराठी शिंपी, विठोबाची भक्त मंडळी. दुकान माझ्या वडिलांनी, आप्पांनी, उभं केलं. नजर अधू झाल्यावर त्यांनी ते माझ्या हाती दिलं आणि शहाण्यासारखे घरी बसले. मी शहराबाहेरच्या बेळगोळच्या कारखान्यांचे गणवेश शिवायची कामं धरली. दर शनिवारी स्कूटरवरून माल पोचवायचा आणि बिलाचे पैसे घेऊन परतायचं. अशाच एका शनिवारी मोटरसायकलवरच्या दोघांनी मला अडवलं. एकाने चाकू काढला. माझी पाचावर धारण बसली. त्यांनी पिशवी मागितली, ती दिली. घड्याळ त्यांनी मागितलं नव्हतं. ते मी आपण होऊन काढून दिलं, आणि वर "थँक्स" म्हणालो.

पोलिसांना सगळं सांगितलं, बायकोलाही सांगितलं. आप्पांना सांगू नको म्हणून तिला बजावलं. आपला मुलगा त्या रस्त्याला भितो हे कळलं असतं, तर ते दुसऱ्या दिवशी त्या अधू डोळ्यांनी पुन्हा मशीनवर येऊन बसले असते. मला ते नको होतं. खरं सांगायचं तर, त्यांच्या नजरेत भेकडही ठरायचं नव्हतं. म्हणून लायसन्ससाठी खेटे घातले आणि शेवटी पिस्तूल घेऊन घरी आलो.

बायकोने ते लांबूनच बघितलं. "अय्यो, परत ते लोक आले की हेही काढून देणार काय तुम्ही?"

तिच्याकडे लक्ष न देता मी कोटाला लागलो. नातेवाईक सगळे शिंपी. कोट जरा एका अंगाला ओढला तर त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळतं. मी छातीला जाड कॅनव्हास घातलं, दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन शिवलं, खांदे पुन्हा बसवले. जयलक्ष्मीपुरमच्या एका प्रोफेसरांच्या लग्नाच्या सुटावरही मी इतके कष्ट घेतले नव्हते. मग तो घालून आमच्या गल्लीतून दोनदा फिरलो. एकालाही संशय आला नाही. मला माझाच असा अभिमान वाटला की विचारू नका. गोळ्या मात्र घरी कपाटात कुलूपबंद असत. भरलेलं पिस्तूल छातीशी बाळगायची मला भीती वाटे.

एकादशीला दुकानातून तसाच देवळात गेलो. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा. तो काही माझे खिसे चाचपणार नव्हता. पण भजन संपल्यावर आमच्यात सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि उराउरी भेटतात. जन्मापासून बघत आलोय मी हे. कोट बेतताना लोकांच्या डोळ्यांचा विचार केला. ते मिठी मारतात, हे डोक्यातच आलं नाही.

पहिल्याच भेटीत एक मामा थबकले. "हे काय रे कडक? चष्म्याचा डबा काय?" मी हो म्हणालो. दुसऱ्याने मिठी मारली आणि एकदम मागे सरला. "हार्टचं मशीन बसवलास?" त्यालाही, घाबरून, हो म्हणालो. मग काय! बातमी माझ्यापुढे पळाली. पुढचा प्रत्येक जण मला कच्च्या अंड्यासारखा धरू लागला. एका आत्याने डोळे पुसले.

रांगेच्या शेवटी आप्पा होते. त्यांच्या कानावर गेलं होतंच. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आपरेशन कधी झालं रे? मला सांगायचं नाही, अल्वा, असंच ना?" त्यांचा आवाज फुटला. हात त्यांनी सरळ कोटात घातला. अस्तर, चोरखिसा, आणि मग ती झिजलेली कड. बोटं तिथेच थांबली.

"हार्ट बरं आहे ना तुझं?"

"बरं आहे, आप्पा."

"मग हे कशाला?"

मला खोटं सुचलं नाही. "भीती वाटते. बेळगोळच्या रस्त्याची." आणि घड्याळासकट सगळं तिथेच सांगून टाकलं. मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी हात बाहेर काढला, कोट नीट केला आणि म्हणाले, "शनिवारी मी येतो."

"तुम्ही येऊन काय करणार, आप्पा?"

"काय करायचं? सुम्ने, नुसता मागे बसतो. एकट्याने कशाला जायचं?"

शनिवारी पिस्तूल घरी राहिलं. आप्पा धोतर खोचून स्कूटरवर मागे बसले. परतताना मागून मोटरसायकलचा आवाज आला आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या पोटाभोवती असे आवळले की मला श्वास घेता येईना. पाठीला त्यांची छाती लागली होती. ती माझ्याहून जोरात धडधडत होती. इतके दिवस मला वाटत होतं, आमच्या घरात भित्रा मी एकटाच.

मोटरसायकल पुढे निघून गेली. "गेले काय रे?" त्यांनी विचारलं.

"गेले."

तरी घर येईपर्यंत त्यांनी हात सोडले नाहीत. आणि पुढच्या शनिवारी मी बाहेर आलो, तर ते माझ्या आधीच स्कूटरपाशी येऊन उभे होते.