इमारतीवर न चढलेला बोजा

बांधकामावर कोणी किती काम केलं ते मोजायचं आणि त्याप्रमाणे बिल मंजुरीला पाठवायचं, ही माझी नोकरी. क्वांटिटी सर्व्हेयर म्हणतात. दुबईत एका मध्यम आकाराच्या कंत्राटदार कंपनीत मी हे काम करत होते. करामा भागात भाड्याचा फ्लॅट, नवरा प्रॉपर्टीच्या एका फर्ममध्ये, मुलगी चौथीत.

आमच्या टॉवरच्या खिडक्या आणि काचांचं काम ज्यांच्याकडे होतं ते मूळचे मिरजेचे. वीस वर्षांपूर्वी फॅब्रिकेटर म्हणून आले, घासत घासत शारजात स्वतःचं वर्कशॉप काढलं. पन्नासेक माणसं, सगळी मुहैस्नाच्या लेबर कॅम्पात राहणारी. पहिल्या मीटिंगमध्ये मी फोनवर मुलीला मराठीत रागावले ते त्यांनी ऐकलं आणि तेव्हापासून मी त्यांची ताई झाले. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी दादा म्हणायचे.

करारावर सही करायच्या दिवशी ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. एका कलमावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे जरा सांगा. माझं इंग्लिश साइटपुरतं."

कलम साधं होतं. इमारतीचा मालक आम्हाला पैसे देईल तेव्हाच आम्ही त्यांना देऊ.

"आणि मालकाने दिलेच नाहीत तर?"

"दादा, हे सगळ्यांच्याच करारात असतं," मी म्हणाले. खोटं नव्हतं. पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. त्यांनी सही केली.

मग दोन हजार आठची मंदी आली. आमच्या साइटसमोरच्या दोन क्रेन एका आठवड्यात थांबल्या. माझ्या नवऱ्याला एका दुपारी बोलावून पत्र दिलं, खलास. इमारतीच्या मालकाकडून आम्हाला येणारी रक्कम आधी उशिरा, मग अर्धी, मग येईनाशी झाली. दादांचं काम मात्र जवळजवळ पुरं होतं. त्यांचं थकलेलं बिल अकरा लाख दिरहम. "म्हणजे दीड कोटीच्या आसपास," ते म्हणाले. आकडा रुपयात बोलल्यावर त्यांचा आवाज खाली गेला.

त्या सुमारास एकदा त्यांनी मला विचारलं, "ताई, आपल्याकडे कर्ज काढलं की सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो. मग जमीन विकता येत नाही. तसा ह्या बिल्डिंगवर माझा बोजा नाही का चढवता येणार? खिडक्या माझ्याच आहेत."

मी म्हणाले, अमेरिकेत असं करता येतं असं ऐकलंय. इथलं विचारून सांगते. विचारलं नाही. घरी एकच पगार उरला होता आणि पुढच्या महिन्यात मुलीची फी होती.

त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी विचारलं असावं. कारण काही दिवसांनी त्यांनी तळमजल्याच्या लॉबीचे मोठे काचेचे दरवाजे बसवले, कुलपं लावली आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या. आत पाळीपाळीने चार माणसं बसवली. त्यांनी कोणाशी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाले, माझं काम अजून माझ्या ताब्यात आहे, पैसे आले की हँडओव्हर देतो.

लॉबी बंद म्हणजे इमारत मालकाच्या हवाली करता येईना. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "वो तुम्हारी सुनता है," ते म्हणाले. "हँडओव्हर झालं की मालक पेमेंट सोडणार आहे. त्यातून सगळ्यांचं होईल, इन्शाल्ला. नाही झालं, तर या महिन्याचेही पगार नाहीत."

दोन महिन्यांचे पगार आधीच थकले होते. मी साइटवर गेले.

दादा लॉबीत एका रिकाम्या खोक्यावर बसले होते. मला बघून उठले, खोकं रुमालाने पुसून पुढे केलं. मी उभ्यानेच बोलले. हँडओव्हर झालं की पैसे येतील, आधी तुमचं बिल लावते, मी स्वतः बघते.

"तुम्ही बघताय ना?" त्यांनी विचारलं.

"मी बघते."

त्यांनी माणसांना हाक मारली, "यल्ला, सामान उचला," आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. पावती मागितली नाही. मीही दिली नाही.

मालकाकडून पैसे आले, थकलेल्यातले थोडेच. मी दादांचं बिल सगळ्यांत वर लावून पाठवलं. ते खाली सरकवलं गेलं. आधी बँकेचा हप्ता, मग ऑफिसचे पगार. माझ्या खात्यात तीन महिन्यांचा पगार एकदम जमा झाला. त्या संध्याकाळी मी मुलीची फी भरली. ती खूश होऊन म्हणाली, "आई, सो वी आर नॉट गोइंग बॅक टू पुणे?" मी तिला जवळ घेतलं. दादांना फोन करायचा होता. केला नाही. दोन दिवसांनी त्यांचाच आला, तो मी उचलला नाही.

काचा पुरवणाऱ्याला त्यांनी पुढच्या तारखांचे चेक दिले होते. ते वटले नाहीत. तेव्हा तिथे चेक परत गेला की प्रकरण थेट पोलिसात जायचं. दादा सात महिने तुरुंगात होते.

कायदा काय आहे ते मी तेव्हा जाऊन विचारलं. वकिलाने दहा मिनिटांत समजावलं. काम करणाऱ्याला त्याचे पैसे मिळेपर्यंत केलेलं काम अडवून धरता येतं, पण ते त्याच्या ताब्यात असेल तोवरच. ताबा सोडला की तो हक्क संपला. उपकंत्राटदाराला मालकावर थेट दावा लावता येत नाही, कारण त्यांच्यात करार नाही. मुख्य कंत्राटदाराने मालकाकडचं आपलं येणं त्याच्या नावे लिहून दिलं तरच. वकिलाने शेवटी विचारलं, "त्यांना ताबा सोडायला कोणी सांगितलं?" मी म्हणाले, "कंपनीने."

ते येणं लिहून देण्याचं पत्र मी तयार केलं आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकलं. मी तिथे उभी राहून सही मागायला हवी होती. दोन महिन्यांत कंपनी बंद पडली आणि मॅनेजर देश सोडून गेले.

दादा सुटले ते वहिनींनी दागिने विकून काचवाल्याशी तडजोड केली म्हणून. वर्कशॉपमधली मशिनंही गेली. मी भेटायला गेले. इंटरनॅशनल सिटीत एका ओळखीच्यांकडे दोघं एका खोलीत राहत होती. दादा बारीक झाले होते. मी घरून ठरवून गेले होते ते बोलले. "माझं चुकलं, दादा. मी यायला नको होतं त्या दिवशी."

"तुम्ही नसतात तर कंपनीने दुसरं कोणी पाठवलं असतं."

वहिनी ओट्याकडे तोंड करून चहा गाळत होत्या. त्या न वळता म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला ह्यांनी किल्ल्या दिल्या नसत्या."

मी चहा घेतला. गरम होता, तसाच संपवला आणि निघाले.

पुढे ते मिरजेला परतले. बंद कंपनीवर केलेल्या दाव्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला होता, पण वसूल करायला समोर कोणी उरलं नव्हतं. मला नवी नोकरी मिळाली, नवऱ्यालाही. आम्ही राहिलो.

चार वर्षांनी त्यांचा फोन आला. पुण्यात खिडक्यांच्या एका कंपनीत साइट सुपरवायझरची जागा होती. त्या लोकांना दुबईतल्या कामाचा दाखला हवा होता आणि देणारी कंपनी तर राहिली नव्हती.

"तुमच्या सहीचा चालेल म्हणाले, ताई. तुम्ही मोजलंय ना सगळं."

मी जुन्या फाइलींवरून दाखला लिहिला. किती मजले, किती खिडक्या, किती चौरस मीटर काच, काम वेळेत आणि चोख. एवढं सगळं नेमकं मला आधीपासूनच ठाऊक होतं. पैशाबद्दल लिहायला त्यात जागा नव्हती. स्कॅन करून पाठवला.

त्यांनी उलट फोन करून आभार मानले, मुलगी आता कितवीत म्हणून विचारलं. दहावीत, मी म्हणाले. "शिकू द्या, चांगलं शिकू द्या," ते म्हणाले. नोकरी मिळाली की नाही ते विचारायला मी फोन केला नाही.